एक वॉट, पंधरा मीटर आणि १८५.३ किलोहर्ट्झ : लाँगवेव्हवरच्या बीकनांना जागा कशी ठरते?

काळ्या पडद्यावर एक फिकट रेघ डावीकडून उजवीकडे सरकू लागते. तीन मिनिटं टिकते आणि तुटते. मिनिटभर काहीच नाही, मग मिनिटभराचा एक ठिपका. पुन्हा तीन मिनिटं शांतता. त्यानंतर मिनिटभराचा ठिपका, मिनिटाची फट आणि परत तीन मिनिटांची रेघ. मोर्स लिपी येणाऱ्याला कळतं की ही अक्षरं ‘एन’ आणि ‘ए’ आहेत. त्यांना तेरा मिनिटं लागली, पुढची सात मिनिटं विराम, आणि मग तेच पुन्हा पहिल्यापासून. तासाला तीन फेऱ्या, रात्रभर.

असं काही पहिल्यांदा पाहणाऱ्याला दोन प्रश्न हमखास पडतात. इतकं सावकाश कशासाठी? आणि असे अनेक जण एकाच पट्ट्यात बोलत असतील, तर एकमेकांच्या अंगावर कसे येत नाहीत? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे, म्हणून सुरुवात पहिल्यापासूनच करू.

बीकन म्हणजे काय, आणि हा पट्टा कुठला

बीकन म्हणजे आपली ओळख पुन्हा पुन्हा प्रसारित करणारा, संभाषण न करणारा छोटा ट्रान्समीटर. समुद्रावरचा दीपस्तंभ जे प्रकाशाने करतो, तेच हा रेडिओलहरींनी करतो. तो कुठे, किती अंतरावर, कोणत्या वेळी ऐकू आला यावरून लहरींचा प्रवास कळतो.

इथे आपण अमेरिकेतला १६० ते १९० किलोहर्ट्झ हा पट्टा पाहणार आहोत. मीडियम वेव्हवर आपण आकाशवाणी ऐकतो, त्याच्याही खूप खाली, लाँगवेव्हमध्ये हा येतो. तिथे परवाना नसलेल्या नागरिकालाही प्रक्षेपण करता येतं, पण अटी कडक आहेत. ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला मिळणारी वीज १ वॉटपेक्षा जास्त नको, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ८३ मिलिअँपिअर. अँटेना, तिच्यापर्यंत जाणारी तार आणि अर्थिंगची तार यांची एकूण लांबी १५ मीटरच्या आत हवी. या प्रयोगकर्त्यांना तिकडे ‘लोफर’ म्हणतात. लो फ्रीक्वेन्सीवरचा प्रयोगकर्ता या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतून ते नाव आलंय. आपल्याकडच्या उनाड लोफराशी त्याचं नातं नाही. बरेच लोफर परवानाधारक हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅमही असतात.

एक वॉटमधून हवेत जातं किती?

१८५ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १६२० मीटर असते. तिच्यासाठी चांगली उभी अँटेना हवी तर ती पाव लांबीची, म्हणजे ४०० मीटरची. हातात आहेत पंधरा. एवढ्या आखूड तारेचा प्रक्षेपणरोध, म्हणजे वीज लहरींत रूपांतरित करण्याची तिची क्षमता, जेमतेम ०.०३ ओहम भरतो. उलट जमीन आणि कॉइल मिळून ५० ओहमचा तोटा सहज होतो. अँटेनाला पोचलेल्या विजेच्या दहा हजार भागांपैकी सातच हवेत जातात, बाकी कॉइल आणि माती तापवतात. ट्रान्समीटरमधून ०.७ वॉट निघाले तर प्रत्यक्ष प्रक्षेपण अर्ध्या मिलिवॉटचं. अँटेनाच्या माथ्यावर तारांची छत्री घातली तर हा आकडा काही पटींनी सुधारतो, पण गोष्ट मिलिवॉटांचीच राहते.

अँटेना आखूड असल्यामुळे ती कपॅसिटरसारखी वागते. छत्रीसकट १५० पिकोफॅरड धरले, तर जुळणीसाठी सुमारे ४.९ मिलिहेन्रीची कॉइल लागते. ती सहसा मोठ्या प्लॅस्टिक बादलीवर किंवा जाड पाइपवर, अनेक बारीक इनॅमल तारा एकत्र वळलेल्या लिट्झ वायरने गुंडाळतात. ट्रान्समीटर एका वॉटचाच असला, तरी जुळलेल्या कॉइलच्या वरच्या टोकाला ६५० ते ७०० व्होल्ट उभे राहतात. चालू असताना तिथे हात लावला तर भाजतं.

अंधारात काढलेला फोटो

अर्ध्या मिलिवॉटचा आवाज शेकडो किलोमीटरवर, विजांच्या खरखरीखाली गाडलेला असतो. कान तिथे उपयोगाचा नाही. मग फोटोग्राफर अंधारात करतो तेच करायचं: शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं.

कानाने ऐकायच्या मोर्समध्ये मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने एक ठिपका ०.१ सेकंदाचा असतो. तोच ६० सेकंदांचा केला, तर संगणकाला ६०० पट वेळ मिळतो आणि तो वारंवारतेच्या ६०० पट अरुंद फटीतून पाहू शकतो. खरखर सगळीकडे पसरलेली असते, पण सिग्नल एकाच जागी असतो. फट अरुंद केली की खरखर गळते आणि सिग्नल उरतो. हा फायदा सुमारे २८ डेसिबलचा आहे. या पद्धतीला क्यूआरएसएस म्हणतात आणि पुढचा आकडा ठिपक्याचे सेकंद सांगतो. क्यूआरएसएस-३ म्हणजे तीन सेकंदांचा ठिपका, क्यूआरएसएस-६० म्हणजे साठ सेकंदांचा.

पण शटर उघडं असताना कॅमेरा हलला तर चित्र फरफटतं. इथे हलते ती वारंवारता. साठ सेकंदांच्या ठिपक्यासाठी फट असते सुमारे ०.०१७ हर्ट्झची. साध्या क्रिस्टलमध्ये दिवसभराच्या उन्हा-थंडीने दहा लाखांत पाच भागांचा फरक पडला, तर १८५ किलोहर्ट्झवर तो जवळपास एक हर्ट्झ होतो. म्हणजे सिग्नल पन्नासेक फटी ओलांडून तिरका जातो आणि कुठल्याच फटीत साचत नाही. म्हणून तापमानाची भरपाई करणारा ऑसिलेटर, म्हणजे वारंवारता निर्माण करणारं सर्किट, थर्मोकोलच्या डब्यात बंद केलेलं, ही इथली किमान तयारी. जीपीएसच्या घड्याळाला बांधलेला ऑसिलेटर असेल तर चिंता मिटते.

जागा भरपूर असताना समन्वय कशाला?

३० किलोहर्ट्झचा पट्टा आणि एका बीकनला हर्ट्झचा अंशही पुरतो. हिशोबाने हजारो बीकन मावतील. मग ठरवाठरवी कशाला? ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर उलट दिशेने येतं: ऐकणाऱ्याकडून.

साठ सेकंदांच्या ठिपक्यासाठी संगणकावर वॉटरफॉल लावला, म्हणजे वारंवारता आणि वेळ यांचा सरकता आलेख, की त्याची खिडकी काही हर्ट्झचीच राहते. ३०,००० हर्ट्झच्या पट्ट्यात पाच हर्ट्झची खिडकी म्हणजे सहा हजार खिडक्या. प्रत्येकीत एक फेरी पाहायला वीस मिनिटं. तुमचं बीकन कुठे आहे हे कुणाला माहीत नसेल, तर ते कुणालाही कधीही सापडणार नाही. ते चालू असलं काय आणि बंद असलं काय, फरक शून्य.

म्हणून इथल्या समन्वयाचं पहिलं काम लोकांना जवळ आणणं हे आहे. दूर ठेवणं नंतर. आठवडी बाजारात भाजीवाले एका रांगेत बसतात ते याचसाठी. गिऱ्हाईक एका फेरीत सगळ्यांना पाहतं, आणि प्रत्येकाचं बसकर मात्र वेगळं असतं. क्यूआरएसएसवाल्यांची अशी रांग अनेक वर्षं १८५.३ किलोहर्ट्झच्या आसपास भरत आली. एकच खिडकी उघडली की तीन-चार बीकन एकाखाली एक दिसू शकतात. लाँगवेव्ह क्लब ऑफ अमेरिकासारख्या संस्थेने बीकनांच्या याद्या ठेवल्या, त्यांचं मोल यातच आहे.

ऑसिलेटर ०.१ हर्ट्झच्या आत स्थिर असतील, तर शेजाऱ्यांमध्ये एक हर्ट्झ अंतर सुखाचं. त्याहून जवळ आले तर काय होतं ते गाण्याच्या बैठकीला जाणाऱ्यांना माहीत आहे. दोन तंबोऱ्यांच्या तारा किंचित बेसूर असल्या की आवाज झुलू लागतो. इथे तो झोका मिनिटभराचा असू शकतो आणि पडद्यावर तो हुबेहूब ठिपक्यांसारखा दिसतो.

रांगेत कुणी बसायचं यालाही रीत आहे. सेकंदाला दहा बिट पाठवणारा डिजिटल सिग्नल स्वतःच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा हर्ट्झ पसरतो. तो क्यूआरएसएसच्या रांगेत बसला तर चार शेजाऱ्यांवर चादर घालतो. कानाने ऐकायच्या मोर्सला तर पन्नासेक हर्ट्झची मोकळीक हवी. हे दोघे काही किलोहर्ट्झ दूर बसलेले बरे.

कोणत्या रेघा टाळता येतात आणि कोणत्या नाही

अमेरिकेत ८ फेब्रुवारी २०१० पर्यंत लोरान-सी ही जहाजांना दिशा दाखवणारी यंत्रणा १०० किलोहर्ट्झवर चालत होती. तिचे स्पंद इतके ताकदवान होते की त्यांचे अवशेष १८० किलोहर्ट्झच्या पुढेही पोचायचे. पण ते कंगव्याच्या दातांसारखे नेमक्या अंतरावर यायचे. ईशान्य अमेरिकेच्या साखळीचे स्पंदगट ९९.६ मिलिसेकंदांनी येत आणि दोन गटांनंतर नमुना पुन्हा सुरू होई; म्हणून दात ५.०२ हर्ट्झवर. ग्रेट लेक्सच्या साखळीचे दात ५.५७ हर्ट्झवर. सिझियमच्या घड्याळावर चालणारी यंत्रणा असल्याने दात जागचे हलत नसत. त्यामुळे लोक कागद-पेन्सिल घेऊन दोन कंगव्यांच्या मधली फट काढत आणि बीकन तिथे बसवत.

विजेच्या तारांमधून येणाऱ्या रेघांबाबत हे जमत नाही, आणि नवखे नेमके इथे फसतात. अमेरिकेत मेन्सची वारंवारता ६० हर्ट्झ. तिची ३,०८८वी पट १,८५,२८० हर्ट्झवर येते आणि पुढची १,८५,३४० वर. मग मधोमध १,८५,३१० वर बसलं की झालं, असं वाटतं. पण ग्रिडची वारंवारता दिवसभर हलत असते. ती ०.०२ हर्ट्झने सरकली तर ३,०८८वी पट ६२ हर्ट्झने सरकते, म्हणजे शेजारच्या रेघेची जागा ओलांडून जाते. या रेघा वॉटरफॉलवर सापासारख्या नागमोडी फिरतात. त्यांच्यापासून पळायला वारंवारतेत जागाच नाही. उपाय एकच: ऐकायची अँटेना घरापासून दूर नेणं आणि ती लूप, म्हणजे कड्यासारखी असेल तर फिरवून गोंगाटाकडे तिची बहिरी बाजू करणं.

वरच्या टोकालाही एक सापळा आहे. १९० च्या वर विमानांसाठीचे बीकन सुरू होतात. अमेरिकेत ते मुख्य लहरीपासून १,०२० हर्ट्झवर आपली ओळख वाजवतात. म्हणजे १९१ वरच्या बीकनाची एक शाखा १८९.९८ वर, लोफरांच्या हद्दीत येते.

जागा निवडायची कशी

आधी यादी घ्या आणि रांगेतली रिकामी जागा एक दशांश हर्ट्झपर्यंत लिहून काढा. मग स्वतःच्या घरी ती ऐकून समाधान मानू नका. तुमच्या घरचा गोंगाट तुमच्या बीकनाला काहीच करत नाही. ते तर फक्त बोलतं. गोंगाट मोजायचा तो ऐकणाऱ्याच्या घरी. म्हणून ३००, ८००, १,५०० किलोमीटरवरच्या श्रोत्यांना सांगून ती जागा आठवडाभर, दिवसा आणि रात्री, पाहून घ्यायची. तुम्हाला स्वच्छ दिसलेली जागा तिघांपैकी दोघांकडे एखाद्या वीजवाहिनीच्या संदेशयंत्रणेखाली असू शकते. परवाना नसलेल्या पट्ट्यात अशा यंत्रणेविरुद्ध तक्रार करता येत नाही. तुम्ही कुणाला त्रास द्यायचा नाही आणि आलेला त्रास सोसायचा, असा कायदाच आहे.

त्यानंतर ओळखीची अक्षरं. याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि माझ्या मते ही वारंवारतेइतकीच महत्त्वाची निवड आहे. लाँगवेव्हवर सिग्नल मिनिटभर बुडणं नेहमीचं. ‘एन’मधल्या तीन मिनिटांच्या रेघेचं मधलं मिनिट बुडालं तर उरतं काय? ठिपका, फट, ठिपका. त्यामागे ‘एन’चा स्वतःचा ठिपका. झालं ‘एस’. ‘ए’चंही तेच: मधलं मिनिट गेलं की तोही ‘एस’. सुरुवातीची ‘एन-ए’ ही जोडी एका वाईट रात्री ‘एस-एस’ वाचली जाईल. आता शेजारी हर्ट्झभरावर खरंच कुणी ‘एस’वाला असेल, तर पुढचा गोंधळ विचारू नका. यादी करणाऱ्याने शेजाऱ्यांना अशी एकमेकांत बदलणारी अक्षरं देऊ नयेत. नुसते ठिपके असलेली ‘ई’, ‘आय’, ‘एस’, ‘एच’ तर टाळलेलीच बरी.

जागा ठरली की जाहीर करायचं: वारंवारता, पद्धत, ठिपक्याची लांबी, अक्षरं, ठिकाण, चालू-बंदच्या वेळा. ऑसिलेटर अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्सच्या ६० किलोहर्ट्झ किंवा १० मेगाहर्ट्झच्या कालसंकेताशी पडताळून घ्यायचा. वारंवारता तयार करणारं स्वस्त एडी९८५० मॉड्यूल वापरत असाल तर १२५ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर त्याची पायरी ०.०२९ हर्ट्झची असते. १८५.३०१ मागितलं तर सर्वांत जवळची पायरी मिळेल, आणि जाहीर करायची ती मिळालेली.

नंतर हलवली तर?

हलवू नये. एक तर श्रोत्यांच्या खिडक्या त्याच जागी लावलेल्या असतात. दुसरं कारण कॉइलचं. वर सांगितलेल्या अँटेनाची जुळणी सुमारे १.६ किलोहर्ट्झच्या रुंदीतच टिकते. १८५.३ वरून १८९ ला गेलात तर जुळणी सुटते आणि होता तो अर्धा मिलिवॉटही घसरतो. कॉइलचं इंडक्टन्स चार टक्क्यांनी कमी करावं लागतं. त्यासाठी आत फिरणारी छोटी कॉइल ठेवलेली असली तर काम सोपं होतं.

न हलवताही जुळणी सुटू शकते. पावसात किंवा बर्फात अँटेनाची कपॅसिटी एक टक्का वाढली, तर जुळणी ०.९ किलोहर्ट्झने खाली सरकते. यात बीकनाची वारंवारता बदलत नाही, ताकद तेवढी कमी होते. श्रोता म्हणतो ‘आज लहरी खराब आहेत’, आणि कारण असतं परसातला बर्फ. म्हणून अँटेनाचा करंट रोज टिपून ठेवायचा. तो आकडा नसेल तर लहरींच्या प्रवासाबद्दल काढलेला कुठलाही निष्कर्ष कच्चा.

सगळ्यांनी एकाच जागी पाळीपाळीने का बोलू नये?

शॉर्टवेव्हवर हे उत्तम चालतं. जगभरातल्या आंतरराष्ट्रीय बीकन प्रकल्पाची १८ स्थानकं १४.१०० मेगाहर्ट्झवर एकामागून एक बोलतात, प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. आपल्या सर्वांत जवळचं स्थानक श्रीलंकेतलं आहे. पण तिथे आवाज १०० वॉटचा असतो आणि दहा सेकंदांत ओळख सांगून होते. वीस मिनिटांच्या ओळखीला अशा १८ पाळ्या लावल्या तर फेरीला सहा तास लागतील, आणि तोवर रात्र सरलेली असेल. दुबळ्या सिग्नलला वेळ लागतो, म्हणून तो वारंवारतेतच वाटावा लागतो.

मधला मार्ग परवानाधारकांच्या पट्ट्यांवर सापडतो. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा हौशी रेडिओसाठी २००७च्या जागतिक परिषदेत मान्य झाला आणि ४७२ ते ४७९ हा २०१२च्या. अमेरिकेने ते २०१७ मध्ये खुले केले; तिथे वीज कंपन्यांच्या संस्थेला आधी कळवून तीस दिवस थांबावं लागतं आणि संदेश वाहणाऱ्या उच्चदाब वाहिनीपासून एक किलोमीटर दूर राहावं लागतं. या पट्ट्यांवर डब्ल्यूएसपीआर ही दुबळ्या सिग्नलांसाठीची संगणकी पद्धत चालते. नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८ मध्ये ती आणली. तिथे १३७.४ ते १३७.६ हा २०० हर्ट्झचा तुकडा सगळ्यांना ठाऊक असतो. प्रत्येक सिग्नल सहा हर्ट्झचा, सम मिनिटाला सुरू होणारा, ११०.६ सेकंदांचा. आत कुठे बसायचं ते कुणी वाटून देत नाही. कोणत्या पाळीला बोलायचं तेही सॉफ्टवेअर नशिबावर सोडतं. घड्याळ दोन-तीन सेकंदांनी चुकलं की मात्र कुणालाच काही उलगडत नाही.

पाहिलं असं वाटणं आणि खरंच दिसणं

एक आक्षेप गंभीर आहे. अक्षरं आणि जागा आधीच माहीत असेल, तर खरखरीतही डोळा तीच जुळवतो. यादी जितकी चांगली, तितका हा धोका मोठा. त्यावर प्रामाणिक उपाय असा: बीकनवाल्याने काही रात्री न सांगता बीकन बंद ठेवायचं किंवा नेहमीच्या दोन अक्षरांच्या जागी दुसरी पाठवायची. श्रोत्याने चित्र वेळेसकट आधी पाठवायचं, आणि बीकनची नोंद त्यानंतर उघडायची. बंद रात्रीही कुणाला ‘एन-ए’ दिसलं असेल, तर त्याच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासायला हव्यात.

इथून पाहायचं असेल तर

अमेरिकेचा एक वॉटचा नियम भारतात लागू नाही. इथून प्रक्षेपण करायचं तर दूरसंचार विभागाचा हौशी परवाना आणि त्यात नमूद केलेले पट्टे, एवढंच. पण पाहायला काही हरकत नाही. किवीएसडीआर या प्रकारचे रिसीव्हर १० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतात आणि त्यांपैकी अनेक मालकांनी ब्राउझरमधून सर्वांना खुले ठेवलेले असतात. उत्तर अमेरिकेतला, शहराबाहेरचा एखादा निवडा. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला, कारण तेव्हा तिकडे विजा कमी कडाडतात. न्यूयॉर्कला हिवाळ्यात मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात, म्हणजे जागरणाची गरज नाही. रिसीव्हरवर अप्पर साइडबँड हा मोड लावून डायल १८४.५०० वर ठेवा, १८५.३०० वरचा सिग्नल ८०० हर्ट्झच्या सुरात येईल. तो आवाज आर्गो किंवा स्पेक्ट्रम लॅब या वॉटरफॉल दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सोडा. सुरुवात क्यूआरएसएस-३० ने करा, कारण बऱ्याच रिसीव्हरांवर मालकांनी वेळेची मर्यादा घातलेली असते आणि साठच्या फेरीला वीस मिनिटं लागतात. निदान तीन फेऱ्या एकाखाली एक जुळल्याशिवाय अक्षरं वहीत उतरवू नका.